वडिलोपार्जित बंदूक हाती आली तर: परवान्यापासून तेलपाण्यापर्यंत

औसा तालुक्यातल्या आमच्या माळवदाच्या घरात दोन बंदुका होत्या. एक अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळी, बाहेर दोन घोडे, म्हणजे ठोका देणारे हातोडे, असलेली. दुसरी पणजोबांच्या वेळची ठासणीची, म्हणजे तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची. ती बळदाशेजारच्या कोपऱ्यात इतकी वर्षं उभी होती की तिच्याकडे बंदूक म्हणून कुणी बघतही नव्हतं. आम्ही भावंडं लहानपणी ती खांद्यावर घेऊन चोर-शिपाई खेळलो आहोत.

अण्णा गेल्यानंतर परवाना माझ्या नावावर करण्याचं ठरलं. तेव्हा कळलं की ती ठासणीची भरलेली होती. आत दारू, वर चिंध्यांचा बोळा, त्यावर छर्रे. किती दशकांपासून, ते सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

म्हणून हा लेख लिहिते आहे. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीपासून चालत आलेल्या बंदुका अजून पुष्कळ वाड्यांमधून आहेत. घरातला जाणता माणूस गेला की त्या अशा कुणाच्या तरी हाती येतात, ज्याला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. तो पहिल्यांदा गंज बघतो आणि पॉलिश पेपर आणायला निघतो. गंज शेवटी बघायचा. आधी बंदूक भरलेली आहे का, मग कागद, मग तब्येत, आणि त्यानंतर रूप. हा क्रम मोडू नका.

१. पहिल्या दिवशी: भरलेली आहे असंच धरून चाला

बंदूक उचलण्याआधी घरातल्या लेकरांना बाहेर काढा. नळीचं तोंड माणसाकडे, जनावराकडे किंवा दाराकडे येणार नाही असं बघा. चापाला बोट लावू नका. घोडा मागे ओढून "चालतो का" हे तपासू नका. जुन्या बंदुकीच्या घोड्याची खाच झिजलेली असते, तो बोटातून निसटतो.

दुनळी किंवा एकनळी मोडून उघडणारी असेल तर वरची कळ बाजूला करून उघडा आणि दोन्ही नळ्यांत काडतूस आहे का ते बघा. उघडत नसेल, जाम झाली असेल, तर गुडघ्यावर दाबून मोडू नका. आत काडतूस फुगून अडकलेलं असू शकतं. तशीच ठेवा.

ठासणीची बंदूक उघडतच नाही, त्यामुळे ती रिकामी दिसते. खरी फसगत तिथेच आहे. तिची तपासणी अशी करतात. एक सरळ लाकडी काठी तोंडातून नळीत हळूच सोडायची. ठोकायची नाही, नुसती टेकवायची. नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करायची. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावायची आणि टोक कुठपर्यंत पोचलं ते बघायचं. टोक मागच्या कानापर्यंत, म्हणजे जिथे टोपी (ठोका बसताच ठिणगी देणारी) बसवतात किंवा रंजक (पेटवायची चिमूटभर दारू) टाकतात तिथपर्यंत पोचलं, तर नळी बहुधा रिकामी. अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. आमची काठी चार बोटं अलीकडे थांबली. कानावर टोपी बसलेली दिसली तर काठीचा हा प्रयोगसुद्धा करू नका.

आत काही आहे असं वाटलं तर पुढचं काम तुमचं नाही. ही काळी दारू शंभर वर्षांनीही मरत नाही. ओली झाली तर तात्पुरती शांत होते, वाळली की पुन्हा पेटते. नळीत ड्रिल घालणं, गरम सळई घालणं, चुलीजवळ ठेवून "वाळवणं", रॉकेल ओतून काडी लावून बघणं, यातलं एकेक मी गावात ऐकलेलं आहे. यातून माणसं मरतात. पोलीस ठाण्याला कळवा. जिल्हा पोलिसांकडे बॉम्ब शोधक व नाशक पथक असतं, ते येऊन बघतं. आमच्याकडे आलेल्या शिपायांनी आधी नळी पाण्याने भरून ठेवायला लावली आणि मगच ती नेली.

घरात जुनी काडतुसं सापडली तर तीही वापरायची नाहीत. फुगलेली, हिरवी पडलेली, कागदी नळीची काडतुसं परवान्याची नोंद दाखवून पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. उकिरड्यात किंवा विहिरीत टाकू नका.

२. कागद: इथे वर्ष जातं, तयारी ठेवा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हे दोन कायदे तुमच्या कामाचे. परवानाधारक वारला की त्या बंदुकीचा ताबा घरच्यांकडे आपोआप कायदेशीर होत नाही. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेरावं झाल्यावर बघू, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू, असं करत राहिलात तर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो, आणि त्याला तुरुंगवास आहे.

जमा करताना पावती घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: बंदुकीचा प्रकार, नळीवरचा नंबर, बनावट, आणि जमा करतानाची अवस्था. त्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. माझा अनुभव सांगते. पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आमची दुनळी एक पूर्ण पावसाळा उघडी उभी राहिली. परत मिळाली तेव्हा नळ्यांवर नवा तांबडा थर होता आणि दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडी भागाला, एक खोक पडली होती. आधीचे फोटो माझ्याकडे नव्हते, त्यामुळे काही बोलताही आलं नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे महिना भाडं देऊन ठेवता येते. खर्च होतो, पण बंदूक कपाटात राहते. मला आज विचाराल तर मी भाडं भरेन. ठेवण्याआधी, बंदूक रिकामी असल्याची खात्री झालेली असेल तर, बाहेरून तेलाचा हात फिरवून द्या.

मग परवान्याचा अर्ज. नियम २५ वारसांसाठी आहे. त्यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते: परवानाधारक हयात असतानाही बंदूक वारसाकडे देता येते. त्याचं वय ७० झालं असेल किंवा त्याने ती बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा. तुमचे वडील किंवा आजोबा अजून असतील तर आजच त्यांच्याशी बोला. त्यांची सही, त्यांची आठवण, जुने कागद कुठे आहेत हे त्यांचं ठाऊक असणं, हे सगळं त्यांच्याबरोबर निघून जातं.

अर्ज ए-१ या नमुन्यात, गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. मग जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा. छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, कारण तिथे परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त आहे. बाकी लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना या जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी.

माझ्या फायलीत लागलेले कागद:

- मूळ परवाना, नूतनीकरणाच्या सगळ्या शिक्क्यांसह
- मृत्यू प्रमाणपत्र
- वारस असल्याचा पुरावा
- आई आणि भावाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र
- बंदूक जमा केल्याची पावती
- ओळख, रहिवास आणि जन्मतारखेचे पुरावे, फोटो
- शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र
- शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- बंदूक घरी सुरक्षित ठेवण्याची हमी

प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि फायलीची एक पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवा. माझी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना एकदा हरवली होती. प्रत होती म्हणून सहा महिने वाचले.

अर्ज केल्यावर पोलीस चौकशी येते. गावातल्या शेजाऱ्यांना विचारतात, जुने गुन्हे बघतात, भाऊबंदकीत वाद आहे का बघतात. शेतीच्या बांधावरून कोर्टात केस चालू असेल तर लपवू नका, ती निघतेच. बाई आहे म्हणून मला दोन ठिकाणी विचारलं, "ताई, तुम्हाला कशाला बंदूक?" वारसात मुलगा-मुलगी असा फरक कायदा करत नाही, एवढंच शांतपणे सांगितलं आणि कागद पुढे केला. तुम्हीही तेच करा.

कागदांच्या बाबतीत हे खड्डे टाळा:

*नंबर जुळत नाही.* जुन्या परवान्यावर कारकुनाने ३ चा ८ केलेला असतो. नळीवर एक, परवान्यावर दुसरा. अर्ज करण्याआधी भिंगातून नंबर वाचा. फरक असेल तर स्वतःहून लेखी कळवा. नंतर निघाला तर संशय तुमच्यावर.

*फक्त निजामकाळचा उर्दू कागद आहे.* मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे अनेक घरांत उर्दू शिक्के असलेले कागद निघतात. ते जपा, वाचून घ्या, आपल्याकडे गावोगावी उर्दू वाचणारी जाणती माणसं आहेत. पण तो कागद म्हणजे आजचा परवाना नव्हे. मध्ये नूतनीकरण तुटलं असेल तर आधी वकिलाला भेटा आणि त्याच्यामार्फत ताबा द्या.

*दोनपेक्षा जास्त बंदुका.* २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. वारसाहक्काने आलेल्यांनाही हीच मर्यादा आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं केली.

*"ही तर अँटिक आहे, परवाना कशाला?"* हे वाक्य मला चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. "दुरुस्ती करून" हे शब्द नीट वाचा. नवं निपल (टोपी बसवायची छोटी नळी) बसवलं की उडेल अशी ठासणीची त्या सुटीत बसत नाही. आणि सुटीत बसणारी वस्तू तुम्ही हौसेने चालू करायला गेलात तर सूट तिथेच संपते.

३. तुम्ही काय करायचं आणि कारागिराने काय करायचं

अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, बदल, चाचणी यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणून माझी रेघ अशी: पुसणं, तेल लावणं, दस्त्याचं लाकूड सांभाळणं हे माझं. चाप, घोडा, कमानी (आतल्या स्प्रिंगा), नळी, निपल, यातलं काहीही परवानाधारक बंदूक कारागिराचं. गावातला लोहार कितीही हुशार असो, वेल्डिंगवाला कितीही जवळचा असो, त्याच्याकडे बंदूक नेऊ नका. त्याच्यावरही गुन्हा होतो, तुमच्यावरही.

दोन गोष्टी कारागिरानेही करायच्या नाहीत. नळी आखूड करायची नाही, त्याला कलम ६ आडवं येतं. आणि नंबर, बनवणाऱ्याचं नाव, शिक्के घासायचे नाहीत. कलम ८ प्रमाणे ओळखखुणा पुसणं गुन्हा आहे. भांड्यांच्या दुकानातल्या बफिंगच्या चाकावर नळी चकचकीत करून आणणारे लोक हा गुन्हा नकळत करून बसतात. दोन मिनिटांत नंबर गुळगुळीत होतो.

कारागीर निवडताना त्याचा परवाना बघा, मग त्याच्या हातातले स्क्रू-ड्रायव्हर बघा. चांगल्या माणसाकडे प्रत्येक खाचेसाठी वेगळं, टोकाशी घासून बरोबर बसवलेलं पातं असतं. एकाच स्क्रू-ड्रायव्हरने सगळं उघडणारा माणूस शंभर वर्षं शाबूत राहिलेल्या स्क्रूच्या खाचा अर्ध्या तासात खाऊन टाकतो.

बंदूक नेताना मूळ परवाना जवळ ठेवा, बंदूक सुटी करून पिशवीत घ्या, काडतुसं सोबत घेऊ नका. कारागिराकडूनही नंबरसह पावती घ्या.

४. तब्येत: ही बंदूक पुन्हा उडवायची का?

बहुतेकदा उत्तर "नाही" असतं. मला ते पचायला वेळ लागला. तरी तपासणी करून घ्याच, कारण नाही म्हणायलाही कारण ठाऊक असावं लागतं. कारागीर काय बघतो ते समजून घेतलंत तर त्याला नेमकं विचारता येतं.

*नळी आतून.* दोन्ही बाजूंनी मोकळी करून खिडकीच्या उजेडाकडे धरतात. आत उजेडाची वर्तुळं एकसारखी दिसायला हवीत. एखादं वर्तुळ तुटलं, वाकलं, तर तिथे पोचा आहे. काळी सावलीची कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे, आणि फुगलेली नळी एकदा फुटता फुटता वाचलेली असते. खड्डे काडतूस बसतं त्या खोलीजवळ असतील तर जास्त वाईट, कारण दाब तिथे सगळ्यात मोठा.

*नळीची जाडी.* गंज घासून घासून नळी पातळ होते, आणि डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी जाडी मोजायचं यंत्र लागतं. इंग्लंडच्या कारागिरांत नळीची भिंत २० थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण अर्ध्या मिलीमीटरपेक्षा कमी भरली की बंदूक बाजूला ठेवतात. यंत्र नसलेला कारागीर "चालतंय" म्हणाला तर त्याला अर्थ नाही.

*टणत्कार.* नळ्यांची जोडी दस्त्यापासून काढून हुकाला लटकवायची आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. भांडं तडकल्यासारखा बद्द आवाज आला तर डाक, म्हणजे पट्टी जोडणारं झाळकाम, सुटलेला. अण्णांच्या दुनळीचा आवाज स्वच्छ आला तेव्हा कारागिराच्या दुकानात मला रडू आलं होतं.

*सांधा.* पुढचं लाकूड काढून दस्ता धरून हलवलं तर नळ्या खिळखिळ हलतात का? नळीचं मागचं तोंड आणि समोरची भिंत यांच्यात उजेड दिसतो का? दिसला तर सांधा झिजला आहे.

*घोडा आणि चाप.* हे काम डमी, म्हणजे बिनदारूचं, काडतूस घालूनच करतात. अर्ध्यावर ओढलेला घोडा अंगठ्याने ढकलून सुटला तर ती बंदूक खुंटीवरच बरी.

*शिक्के.* नळ्यांच्या खाली, सपाट भागावर बारीक शिक्के असतात. त्यांचे फोटो काढा, तिथेच बंदुकीची जन्मकुंडली असते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून आहे. तिथे प्रत्येक नळी जास्त दारू भरून उडवून बघत आणि टिकली तर शिक्का मारत. १९०४ पूर्वीच्या शिक्क्यात मुकुट आणि फुलीसारखे राजदंड, त्यानंतर मुकुटाखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरं. लंबगोलात ईएलजी असेल तर बेल्जियमचं लिएज. "नायट्रो प्रूफ" असं किंवा मुकुटाखाली एनपी लिहिलेलं नसेल, तर ती नळी काळ्या दारूसाठी तपासलेली आहे, आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नाही. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा दोरी पिळल्यासारखी नक्षी दिसली तर ती दमिश्की नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली. तशा नळीत आजचं काडतूस घालू नका.

नायट्रो प्रूफ असलेल्या बंदुकीतही एक सापळा आहे, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. जुन्या बारा बोअरची खोली पुष्कळदा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलीमीटरची असते. आज दुकानात मिळणारी बरीच काडतुसं ७० मिलीमीटरची. ती आत सहज बसतात, कारण डब्यावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते. बसलं म्हणजे चालतं असं वाटतं. बार उडाला की काडतुसाचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, वाट आवळते आणि दाब भलताच चढतो. खोलीची लांबी कारागिराकडून मोजून घ्या आणि कागदावर लिहून घ्या.

ठासणीचीला तर मी पुन्हा कधीच बार भरणार नाही. निपल झिजलेलं, कानाचं भोक मोठं झालेलं, नळीच्या बुडाची चकती कशी आहे कुणाला ठाऊक. ती आता भिंतीवर आहे.

५. गंज काढणं, की गंज थांबवणं

गंज दोन प्रकारचा. तांबडा, बोटाला लागणारा, तो जिवंत आहे, लोखंड खातो आहे. तपकिरी-काळा, गुळगुळीत, घट्ट बसलेला, तो जुना रंग आहे. तो काढायचा नसतो. पहिला थांबवायचा, दुसरा जपायचा. चकचकीत पांढरी नळी म्हणजे चांगली केलेली बंदूक, असं जे वाटतं ते सोडून द्या.

लागणारं सामान थोडंच: शिलाई मशीनचं तेल, चार शून्य नंबरचं बारीक स्टील वूल, पितळेच्या तारांचा मऊ ब्रश, लाकडी किंवा पितळी गज, जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या, दात घासायचा जुना ब्रश, भिंग, रबरी मोजे.

आधी तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी चिंधीने पुसा. मग स्टील वूलला तेल लावून, नंबर आणि नक्षी सोडून, हलक्या हाताने फिरवा. कोरडं कधीच नाही. पुसा, पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. आम्हाला अशा नऊ रात्री लागल्या. काळी दारू वापरलेल्या नळीत क्षार बसलेले असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. म्हणून अशी नळी, दस्त्यापासून सुटी केलेली असेल तरच, आधी कढत पाण्याने धुवायची, लगेच कोरडी करायची, मग तेल.

चिंच, लिंबू, कल्हईवाल्याचं ॲसिड लावू नका. पितळेचा तांब्या उजळतो, पण लोखंडाच्या सांध्यात शिरलेलं आम्ल पुढे महिनोन्महिने खात राहतं. खोबरेल तेल आणि करडईचं तेल नळीला लावायची आपल्याकडे सवय आहे. करडईचं तेल वाळून चिकट होतं, खोबरेल थंडीत थिजतं, आणि घोडा जाम होतो. इंजिनचं काळं तेलही नको.

६. दस्त्याचं लाकूड

हे काम मला सगळ्यात आवडलं, आणि यात तुम्ही निर्धास्तपणे हात घालू शकता. दस्ता बहुधा अक्रोडाचा, देशी बंदुकीचा शिसमाचाही असतो. तो सुटा करून द्यायला कारागिराला सांगा.

वर्षानुवर्षं तेल मुरून कुलपाजवळचं (घोडा-चापाच्या यंत्रणेजवळचं) लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं. खडूची बारीक पूड थिनरमध्ये कालवून त्याचा लेप द्या. वाळताना तो तेल ओढतो, पांढरा लेप पिवळा पडतो. झटका आणि पुन्हा द्या. दारं-खिडक्या उघड्या ठेवून, चुलीपासून लांब. पोचा असेल, लाकूड दबलेलं असेल पण तुटलेलं नसेल, तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. हे पहिल्यांदा घडताना बघितलं तेव्हा आईला हाक मारून दाखवलं होतं.

पॉलिश पेपर शक्यतो नकोच. मुठीजवळची बारीक चौकटींची नक्षी तर अजिबात घासायची नाही. लाकूड जिथे लोखंडाला भिडतं तिथे ते लोखंडापेक्षा किंचित उंच असतं, घासून ते खाली गेलं की पुन्हा वर आणता येत नाही. अण्णांच्या गालाजवळ दस्ता जिथे गुळगुळीत झाला होता तो भाग मी तसाच ठेवला आहे.

मग जवसाचं तेल. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला नको, आपल्याच रानातलं आहे. पण घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं आणि पावसाळ्यात चिकटच राहतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या. चार थेंब तळहातावर घेऊन हात गरम होईपर्यंत चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, एक दिवस थांबा, पुन्हा. असे आठ-दहा हात. जाड हात देऊन दोन दिवसांत उरकायला गेलात तर साय धरते.

आता लक्ष द्या. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेत वाळताना स्वतः गरम होतं, आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्या काडी न लावता पेट घेतात. कडब्याच्या गंजीशेजारी, मे महिन्यात, काय होईल विचार करा. चिंध्या एकेक करून उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

७. नळीचा रंग

नळीला पुन्हा निळसर काळा रंग द्यायचा मोह होतो. द्यायचाच असेल तर जुन्या दुनळीला गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवू देऊ नका. झटपट आणि स्वस्त म्हणून तेच सुचवलं जातं. त्या द्रावणाने दोन नळ्यांमधला कथलाचा डाक खाल्ला जातो आणि पट्टी सुटते. तिच्यासाठी जुनी संथ पद्धत: मुद्दाम बारीक गंज आणायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, ब्रशने झाडायचा, आणि हेच परत परत. आठवडा-दोन आठवडे लागतात. कारागिराला आधी विचारा की तो कोणती पद्धत वापरतो. मी रंग दिला नाही, तपकिरी नळीवर तेलाचा हात पुरला.

८. घरी ठेवताना

लोखंडी कपाट, कुलूप, चावी एकाच माणसाकडे. काडतुसं वेगळ्या कुलपात. नळ्या आणि दस्ता सुटे ठेवले तर उत्तम. घोडे खाली, कमानी ताणलेल्या नकोत. चामड्याच्या म्यानात बंदूक कायम ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि गंज पकडतो. गोणपाटही नको. मातीच्या माळवदाखाली पावसाळ्यात ओल उतरते, म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी उघडून पुसायची. उन्हाळ्यात दस्त्याचं लाकूड आवळून मानेशी चिरतं, तेव्हा कपाट पत्र्याच्या खोलीत नको. हात लावलेली जागा दरवेळी पुसा, घामाने बोटांचे ठसे गंजून उमटतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. नोटीस आली की त्याच आठवड्यात जा, तेल लावून, जाड कापडात गुंडाळून, अवस्था लिहिलेली पावती घेऊन. परत आणल्यावर त्याच दिवशी उघडून पुसा.

आणि लग्नात, वरातीत, कुणी कितीही आग्रह केला तरी बंदूक बाहेर काढू नका. २०१९ पासून हवेत बेफिकीर बार उडवून कुणाचा जीव धोक्यात घालण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात काकांनी मागितली होती. मी चावी आईकडे देऊन मांडवात जाऊन बसले.

परवान्याची मुदत संपण्याची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. माझ्या कपाटावर ती लाल शाईत आहे, आणि खाली नूतनीकरणाचा अर्ज कधी टाकायचा तो महिनाही लिहिलेला आहे.